अळणी पाव, खारट खिमा

कस्तुराबाईंच्या हाताला चव आहे, असं सगळी भावकी म्हणायची. खरं विचाराल तर चव हाताला नव्हती, जिभेला होती. कालवण उकळायला लागलं की पळीनं थेंबभर तळहातावर घ्यायचं, चाटायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मीठ चिमूटभर टाक, अन् तिखटाला आता हात लावू नको." तेर गावच्या लग्नाकार्यात मटणाचा रस्सा उतरवायच्या आधी आचारीसुद्धा त्यांच्याकडं पळी घेऊन यायचे.

त्या जिभेला बाईंनी सध्या कुलूप घातलं होतं. गेल्या वर्षी त्यांच्या सुनेचं, हर्षालीचं, पोटातलं बाळ गेलं. घरात कुणी कुणाला काही बोललं नाही, पण पोरगी आतून खचली. यंदा पुन्हा दिवस राहिले तशा कस्तुराबाई नवऱ्याला, बब्रुवानला, घेऊन एसटीनं येरमाळ्याला गेल्या आणि येडाई देवीपुढं पदर पसरून म्हणाल्या, "आई, पोरीचं बाळ सुखरूप मांडीवर दे. तवर मटणाचा थेंब जिभेला लावणार न्हाय." येताना बसमध्येच त्यांनी नवऱ्याला तंबी दिली, की सुनेला यातलं अवाक्षर कळता कामा नये. ती आधीच धास्तावलेली. सासूनं नवस बोललाय म्हटल्यावर अजून काही धोका आहे, असंच तिच्या मनानं घेतलं असतं.

झालं मात्र भलतंच. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा, बजरंग, सुट्टीला आला म्हणून हर्षालीनं नवऱ्यासाठी हौसेनं रस्सा केला, तर कस्तुराबाई म्हणाल्या, दाढ दुखती. पुढच्या खेपेला म्हणाल्या, पित्त झालंय. दाढदुखी आणि पित्त असं पाळीपाळीनं, तेही फक्त मटणाच्या दिवशी, कुणाला होतं का? पण लपवाछपवी करणाऱ्या माणसाला आपण लई हुशार वाटतो. तिसऱ्या खेपेपासून हर्षालीनं रस्सा करणंच सोडलं. बोलणं कमी झालं, जेवण तर त्याहून कमी. कस्तुराबाई रोज विचारायच्या, "काय खावं वाटतंय, बाय?" आणि ती रोज म्हणायची, "काही नाही, आत्याबाई." गरवार बाईला काहीच खावंसं वाटत नाही, हे कस्तुराबाईंना काही पटेना. डोहाळे पुरवायला सासू समोर उभी आणि सून तोंड उघडत नाही, या घोरानं त्यांची झोप उडाली.

शेवटी पुण्याहून बजरंगाचा फोन आला. "आई, तिला खिमा-पाव खायचाय. कॉलेजात असताना खायची तसला, रस हातावर ओघळणारा. कुणाला सांगू नका म्हणाली, पण मी सांगतोय." बाहेरचं काही खायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. मग काय, रविवारी घरीच करायचा ठरला, पावासकट.

पाव कस्तुराबाईंनी जन्मात केला नव्हता. बजरंगानं फोनवर जे सांगितलं ते ऐकून त्यांनी सकाळीच मैदा भिजवला, किराणा दुकानातून आणलेली फुगवायची पूड साखरपाण्यात घालून त्यात ओतली, आणि भाकरीच्या पिठासारखा रगडून रगडून मळला. उन्हात झाकून ठेवलेला गोळा दुपारपर्यंत परातीच्या बाहेर आला. मोठ्या पातेल्यात वाळू तापवून, आत गोळे ठेवून, वरच्या झाकणावर निखारे मांडले. पाव निघाले एकमेकांना चिकटून, जरा वाकडेतिकडे, पण मऊ. बाईंनाच स्वतःचं कौतुक वाटलं.

मटण अंगणातच शिजायचं. देव्हारा स्वयंपाकघरात, म्हणून मटणाची चूल कडुलिंबाखाली, मटणाची भांडीसुद्धा निराळी, ही त्या घरची सासूच्या सासूपासूनची रीत. बब्रुवाननं मटण आणलं. कस्तुराबाईंनी ते लाकडी ओंडक्यावर घेऊन सत्तुरानं बारीक बारीक तोडलं, पार बोटाला कण लागेनासा होईपर्यंत. मग कांदा लाल केला, आलं-लसूण घातलं, भाजल्या खोबऱ्याचं वाटण घातलं, घरचं काळं तिखट घातलं, चार टमाटे चिरून घातले आणि खिमा परतून वर गरम पाणी ओतलं. वासानं गल्लीतली कुत्री फाटकाशी येऊन बसली.

आता आली मिठाची पंचाईत.

"अवो, इकडं या," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "जरा चाखून बगा."

आता हे बब्रुवान कोण? तर रक्तदाब निघाल्यापासून वर्षभर बायकोच्या हातचं अळणी गिळणारा माणूस. त्याला मिठाचं विचारणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. त्यानं पळी चाटली, डोळे मिटले.

"कमी हाय."

कस्तुराबाईंनी मीठ टाकलं. "आता?"

"जरासं अजून पायजे."

"खरं सांगा, पोरीच्या तोंडात जायचंय."

"अगं, खरंच सांगतोय," बब्रुवान म्हणाला आणि पळी परत चाटली. "येक चिमूट घाल, म्हंजे झ्याक."

बाईंनी तीही चिमूट घातली. पण मनाला पटेना. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालला. थेंबभर रस तळहातावर घेतला, हात तोंडापाशी नेला आणि येडाई आठवली. दचकून त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर ओतलं, तळवा घासून घासून धुतला, वर पदराला पुसला.

दारापुढच्या ओट्यावर हर्षाली उभी होती. तिनं सगळं बघितलं.

"आत्याबाई, एवढी किळस येत असेल तर करायचं कशाला?" ती हळूच म्हणाली. "मी मागितलं नव्हतं."

"किळस? कसली किळस?"

"मी केलेला रस्सा तुम्हाला चालला नाही. आता माझ्यासाठी केलेलं हाताला लागलं तरी चालत नाही. बाळ राहिलं नाही माझ्याकडून, म्हणून ना? त्या दिवसापासून तुम्हाला माझं काही नकोच झालंय."

पोरगी इतके दिवस हे पोटात घेऊन हिंडत होती आणि आपण दाढ धरून बसलो होतो, हे कळल्यावर कस्तुराबाईंना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"येडी का खुळी तू," त्या म्हणाल्या. "इकडं ये. बस इथं." आणि मग येरमाळा, पदर, बोललेला शब्द, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "तुला घोर नको म्हणून न्हाय सांगितलं. तू मला नको झालीस? तू माझ्या जिवाचा तुकडा हायस, बाय. जीभ गेली खड्ड्यात, तू अन् तुझं लेकरू पायजे मला."

"मी साक्षीला हुतो," बब्रुवाननं पुस्ती जोडली.

हर्षालीनं सासूचा ओला हात आपल्या हातात घेतला. चुलीवर खिमा रटरटत होता. मग एकदम तिनं मान वर केली.

"मग आत्याबाई, मीठ कुणी बघितलं?"

दोघींनी बब्रुवानकडं बघितलं. बब्रुवान लिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागला.

हर्षालीनं पळीच्या टोकानं चाखलं आणि तोंड असं केलं की विचारू नका. कस्तुराबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरीनं कधी न्हाय ते काय मागितलं, अन् म्या त्याचं मिठागर करून ठिवलं. टाका ते. दुसरं आना."

"थांबा हो." हर्षालीनं पावाचा तुकडा तोडून तोंडात टाकला, चावला, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "पावात मीठ घातलंय का?"

"पिठात कोण मीठ घालतं? भाकरीत घालतो का आपण?"

"पावात घालतात, आत्याबाई. हा पार अळणी झालाय."

तिनं पाव मधून फाडला, भरपूर खिमा भरला, वरनं कच्चा कांदा घातला, लिंबू पिळलं आणि मोठा घास घेतला. रस बोटांवरून मनगटावर ओघळला, तो तिनं चाटला. कस्तुराबाई श्वास रोखून तिच्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या.

"जमलंय," हर्षाली भरल्या तोंडानं म्हणाली. "एकाचं कमी, एकाचं जास्त. दोन्ही मिळून बरोबर." आणि तिनं दुसरा पाव उचलला. मग तिसराही. कस्तुराबाईंनी कोरडा पाव चहात बुडवून खाल्ला, आणि त्यांना तो पुरणपोळीहून गोड लागला. बब्रुवानच्या ताटात नुसताच अळणी पाव पडला.

हात धुऊन हर्षाली सासूच्या शेजारी येऊन टेकली.

"आत्याबाई, बारसं झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा खिमा-पाव करायचा. इथंच, लिंबाखाली. अन् पहिला घास मी भरवणार तुम्हाला."

बाळ झाल्यानंतरचं काही पोरगी आज पहिल्यांदा बोलली होती. कस्तुराबाईंनी मान हलवली.

"भरव की," त्या म्हणाल्या. "पर तवा मीठ माझं मी बगीन."