पांढऱ्या कपाटाचा श्वास

आरोग्य केंद्राबाहेर ही झुंबड! औषधासाठी मात्र कुणीच नाही. सगळे आलेले पांढऱ्या कपाटाच्या दर्शनाला. लसी गार राहाव्यात म्हणून समुद्रापलीकडच्या लोकांनी ते पाठवलेलं. सोबत आलेली परदेशी डॉक्टरीण रोज सकाळी त्याच्यापुढे गुडघे टेकून मान झुकवते, हे शिपायाने पाहिलं आणि गावभर केलं. लगोलग गावातले अंगारेवाले बाबा हजर!

"एवढी शिकलेली बाई नमते, मग आपण कोण?" बाबांनी दार सताड उघडलं. आतून पांढरा धूर लोळत आला. "देवाचा श्वास! पोरं पुढे घ्या! रोग पळाला, सुई टळली!"

गर्दीतल्या एका आजीने भक्तिभावाने नातीला पुढे धरलं.

"अहो आई!" केंद्रात नर्स असलेली सून कळवळली. "दार लावू द्या. लसी तापल्या तर आपल्या छकुलीला काय टोचू? नवा साठा समुद्रापलीकडून बोटीने यायचा!"

"तू गप गं. तुझी सुई रडवते, देव हसवतो."

एवढ्यात कपाट 'टीं टीं' ओरडलं.

"देव बोलला!" बाबांनी डोळे मिटले.

डॉक्टरीणबाई धावत आली, धपकन गुडघ्यांवर बसली. आजीही शेजारी टेकली.

"काय मागितलंस गं बाई?"

"मागत नाही. आकडा बघते." तिने कपाटाच्या तळाशी बोट दाखवलं. "दोन ते आठ अंश पाहिजे. सात झाला! दार!"

आजीने वाकून पाहिलं. आकडा इतका खाली, की वाकल्याशिवाय दिसेचना! बघता बघता साताचा साडेसात झाला. आजी ताडकन उठली. तिने पाठीनेच धाडकन दार लोटलं. टीं टीं बंद.

"का हो बाबा, दार लावलं की देव गप्प?"

"दार उघडं राहिलं की घंटा वाजते," सून म्हणाली. "आणि गार हवा दमट हवेला भेटली की धुकं होतं."

"आइस्क्रीमवाल्याच्या पेटीतून निघतं तसं?"

"तस्संच."

"अगंबाई! म्हणजे तो बिचारा इतकी वर्षं देवच विकतोय!"

हशा पिकला. बाबा धुरासारखे विरून गेले.

सुई टोचली, नातीने भोकांड पसरलं. तिला थोपटत आजी रांगेला म्हणाली, "देवाचं नाव मी गाते, गातच राहणार. पण बाबांनो, डोकं त्यानेच दिलंय. टेकवण्याआधी एकदा वापरा! आणि त्या दाराला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे."