ख जनेलाचा

विनोदिनीबाईंची गाडी आमच्या सर्वण गावात शिरली, तेव्हा मी त्यांचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता. फीत, भाषण, फोटो, आणि संध्याकाळच्या विमानानं पसार. दुकानदारीनं डोळ्याला खोडच लागली आहे. माणूस समोर आलं की माल किती आणि वेष्टन किती, ते आधी बघायचं.

बाई मूळच्या पेडण्याच्या. चार वर्षांच्या होत्या तेव्हा वडील त्यांना मोझांबिकला घेऊन गेले, पुढं लिस्बनला. काजूच्या व्यापारात बाईंनी असं नाव काढलं, की आमच्या डोंगरावरची बी कुठल्या देशात कुणाच्या बशीत पडणार ते त्या फोनवरून ठरवायच्या. आणि जिथं धंदा, तिथं मुलांसाठी वाचनघर. आफ्रिकेत झालं, पोर्तुगालात झालं, ब्राझीलमध्येही झालं. गोवा मुक्त होऊन पंचवीस वर्षं उलटली, तेव्हा कुठं आमची पाळी आली.

"आपल्या माणसांचं सगळ्यांच्या शेवटी?" मी टोचून बघितलं.

"लग्नात घरचे शेवटच्याच पंगतीला बसतात, सगुणबाब," बाई म्हणाल्या.

मी बाईंच्या खात्यात एक आकडा जमेला धरला.

वाचनघर होतं खाणीच्या ट्रकांवर राबायला सिंधुदुर्गातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी. उद्घाटनाआधीच शंभू मास्तरांनी वर्ग सुरू केले होते. त्या दिवशी पाहुण्यांची गडबड चाललेली असताना दारात यशोदा उभी राहिली. नवरा ट्रक भरणारा, आणि पोरगी कमल अभ्यासात सगळ्यात पुढं.

"मास्तर, चेडू आजपासून येवचा नाय."

"का गो? हुशार आसा."

"हुशार आसा म्हणानच! काल माका म्हणता, आये, तुका ख सुद्धा येणा नाय? नि हसाक लागला. आज हसता, उद्या वळख देवचा नाय. शिकान पोर हातातसून गेला, तर ता शिकाप कित्याक व्हया?"

मास्तर तोंड उघडायच्या आत मी ते चेष्टेवर नेलं. "अगो, लाडू वाटूंदेत. लाडू सोडून कोण जाता?"

यशोदा हसली नाही. पण पोरगी चटईवर मधोमध बसलेली, तिला सगळ्यांसमोर ओढून कशी काढणार? ती दारालाच टेकून थांबली.

मास्तरांनी नवं चित्रांचं पुस्तक उघडून बाईंच्या हातात दिलं. त्यांनी चित्राचं नाव वाचायचं, मुलांनी अक्षर सांगायचं.

"कमळ," बाई म्हणाल्या.

"क कमळाचा!" मुलं ओरडली.

"जनेल."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आता आम्ही गोंयकार खिडकीला जनेलच म्हणतो, म्हणून मला चूक कळायलाही क्षण गेला. चित्र जनेलाचंच होतं. खाली मात्र ठसठशीत छापलं होतं, खिडकी.

"ख जनेलाचा?" माझ्या तोंडून निसटलं.

"जनेल नाय, बाई!" कमल उठूनच उभी राहिली. "ख! ख खिडकीचा. अक्षर बघा मगे!"

"गप बस!" मास्तर खेकसले.

"तिला गप्प करू नका," बाई म्हणाल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बरोबर आहे तिचं. मला ही अक्षरं येत नाहीत. मी चित्रं वाचत होते. आमच्या घरात बोलणं आपलं आणि शाळा पोर्तुगीज. मराठी मी नुसत्या कानानं शिकले." मग कमलकडे वळून, "बाय, तू शिकवशील?"

आणि रेशमी साडीसकट त्या चटईवर बसल्या.

धंद्यातलं माणूस, मला वाटलं, नाटक छान जमलंय. मी पुढं सरकून पाटीवर नजर ठेवली. पेन्सिल मुठीत धरलेली, जीभ दातांत. बाईंनी काढलेला ख मधोमध फुटून दोन तुकडे झाला.

"ह्यो रव झालो!" कमल खिदळली. "काना-मात्रा दिलास तर रवो होयत, मगे शिरोच करा!"

वर्ग लोळायला लागला, आणि सगळ्यांत मोठ्यानं बाई हसल्या. पुसून पुन्हा काढला. पुन्हा फुटला. चूक सोंगानं करता येते, लाल कान सोंगानं करता येत नाहीत. मी हात जोडले नाहीत एवढंच. मनातून जोडलेच होते.

कमलनं बाईंचं मनगट धरलं, आणि लहान बाळाला थोपटावं तशा आवाजात म्हणाली, "भियां नको, बाई. माझ्या आयेकव येणा नाय. होतला हळूहळू."

काल ज्या 'येणा नाय'वर ती आईला हसली होती, त्यावरच आज ती धीर देत होती. मी दाराकडे पाहिलं. यशोदेनं पदरानं तोंड पुसलं, चपला काढल्या, आणि मुलांच्या ओळीतून वाट काढत आत आली.

"वायच सरा, बाई," ती म्हणाली.

चार देशांच्या बंदरांवर जिच्या शब्दासाठी माणसं ताटकळतात, ती बाई निमूटपणे सरकली, आणि पाटीचा अर्धा भाग यशोदेपुढं केला.