डोंगर चढणारी खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. स्वयंपाकघरातली साधी खुर्ची होते. आता मला दोन लांब दांडे आहेत आणि मी चौघांच्या खांद्यांवरून डोंगर चढते.

मला हे रूप एका सुताराने दिलं, बायकोसाठी. ती दवाखान्यात परिचारिका होती. आमच्याकडे डोंगरदिनाची सुट्टी असते. त्या दिवशी दुकानं, कचेऱ्या बंद आणि सगळं गाव माथ्यावर. वीस वर्षं ती औषधांची पिशवी घेऊन सगळ्यांच्या पुढे असायची. मग मणक्याच्या दुखण्याने तिचे पाय गेले. पुढचे दोन डोंगरदिन तिने खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या वर्षी सुताराने गुपचूप दांडे रंधा मारून गुळगुळीत केले, मला ठोकून बसवले, बसायला रुंद पट्टे ताणले.

"मला कपाटासारखं उचलून नेणार? लोक हसतील!" ती भडकली.

तिचा दीर दारातच उभा होता. "वहिनी, वीस वर्षं आमचे मुरगळलेले पाय तुम्ही बांधलेत. आता चार तास आमचे खांदे वापरा की."

तिने वेणी घालायला आरसा मागितला.

अर्ध्या वाटेवर दीर घसरला. मी खडकावर आपटले. माझा एक पाय मोडला. सुताराचा चेहरा पांढरा पडला. "परत फिरू या."

"माझे दोन गेलेत, हिचा एक," ती म्हणाली. "जमेल आमचं दोघींचं. चला!"

माथ्यावर पोचल्यावर कुणाचा तरी गुडघा फुटलेला होता. तिने माझ्यावर बसूनच तो धुतला, पट्टी बांधली. तिचे हात किती भराभर चालत होते!

असे सहा डोंगरदिन आम्ही पाहिले. ती गेल्यावर सुताराने मला माळ्यावर टाकलं. माझ्यावर रंगाचे डबे साचले.

एके दिवशी शेजारची शिक्षिका आली. "काका, बाबांना आता चालवत नाही, त्यांना एकदा वर न्यायचंय."

"ती खुर्ची हिची आहे," तो तुटकपणे म्हणाला. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच मला खाली काढून नवे पट्टे लावत बसला. डोळे वाहत होते, पण हात थांबले नाहीत.

आता मी दवाखान्याच्या ओसरीत असते. आजवर अकरा जणांना वर नेलंय. लाकडाच्या नशिबी इतकं आकाश कुठून येणार? ज्यांनी ज्यांनी मला खांद्यावर घेतलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

तुमच्या घरी कुणी खिडकीशी बसून राहत असेल, तर मला न्यायला या. आणि बसणाऱ्याला सांगा, संकोच करू नकोस म्हणावं. तुझं ओझं कुणालाच होत नाही.