काळूचं ताट

एक मासा अंगानं भरला, तर खुशालरावांची अमरावतीहून अकोल्याला बदली होणार होती. तिथं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंची आई एकटी राहत होती, डोळ्यांनी अधू. म्हातारीला आधार, लेकीच्या जिवाला शांतता आणि दर महिन्याच्या एसटीच्या धक्क्यांतून सुटका. करंगळीएवढ्या माशाकडून माणसानं याहून जास्त काय मागावं?

मासा आमच्या कचेरीतल्या साहेबांचा. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला जाताना त्यांनी माशांची काचेची पेटी आमचे हेडक्लार्क खुशालराव यांच्या ओसरीत आणून ठेवली. वर मिरवणारे चार लाल मासे, आणि तळाशी मुंबईहून आणलेला एक काळा, तोंडानं काचेला चिकटणारा.

"हा प्लेको जातीचा. काही केल्या वाढत नाही," साहेब म्हणाले. "मी येईपर्यंत मोठा करून दाखवा, मग अकोल्याच्या अर्जाचं बघू."

बाईंनी त्याचं नाव काळू ठेवलं आणि जावयासारखी सरबराई सुरू केली. रोज सकाळी मासे बालदीत, पेटी अंगणात. काथ्यानं काच अशी लख्ख घासायच्या, की शेजारच्या घरातला मी तिच्यात बघून भांग पाडावा. मग विहिरीचं ताजं पाणी. वर बाई कणकेच्या गोळ्या टाकत; भातकुली गावचे पाहुणे आले की तेही पुण्य म्हणून टाकत. लाल मासे लाडवासारखे फुगले. काळू होता तेवढाच. उलट पोट आत गेलं.

आम्ही सगळे चक्रावलो. मी म्हटलं, "वहिनी, कणकेत गूळ घाला." घातला. पाणी तेवढं चिकट झालं. मग नजर लागली असेल म्हणून बाईंनी पेटीवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. खुशालराव खोकून बेजार. काळू जागचा हलला नाही.

"जातीचाच बुटका असन," खुशालराव म्हणाले.

"बुटका कावून असन? माह्या हातचं खाऊन आजवर कोनी वाळलं हाय का?" असं म्हणून बाईंनी नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं. पुरावा बिनतोड होता.

तेवढ्यात अकोल्याहून निरोप आला, आई अंगणात पडली. बाई महिनाभर तिकडे. इकडे खुशालरावांना स्वतःचा धुतलेला सदरा सापडत नव्हता, तर पेटी कोण घासणार? काचेवर हिरवं शेवाळ चढलं. बाई परतल्या, पेटी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग वाकून पाहतच राहिल्या.

"अवो! हा तं वाढला!"

"म्या त्याच्याकडं पाह्यलं बी नाही," खुशालराव घाबरून म्हणाले.

"म्हंजे मी नव्हती म्हनून वाढला? भाऊजी, माह्या हाताले झालं तरी काय?"

 हेडक्लार्कनं न पाहिल्यानं वाढणारी एकच गोष्ट मला ठाऊक होती, टेबलावरच्या फायली.

बाई मात्र पेटीपुढून उठल्या नाहीत. काळू काचेवरून सरकत होता, आणि तो सरकेल तिथलं हिरवं नाहीसं होत होतं.

"हे तं त्याचं ताट!" त्या एकदम म्हणाल्या. "अन् मी रोज सकायी वाढलेलं ताट घासून टाकत होती!"

त्या दिवसापासून काथ्या बंद. पाणी थोडंथोडंच बदलायचं. लपायला एक फुटकं कौल, आणि संध्याकाळी दुधी भोपळ्याची चकती दगडाला बांधून तळाशी. येणाऱ्या बाया नाक मुरडत, "काय वो, पेटी किती मळली!" सत्यभामाबाई शरमेनं अर्ध्या होत, पण काचेला हात लावत नसत. काळू चांगला भरला. बाईंनी ट्रंकाही भरायला घेतल्या.

साहेब आले. पेटीपुढे उकिडवे बसले. "खुशालराव, हा तोच? कमाल केलीत!"

"साहेब, तो अकोल्याचा अर्ज…"

"अहो, अर्ज कसला? तुम्ही गेलात तर याचं बघणार कोण? पेटी राहू द्या इथंच."

खुशालराव "हो साहेब" म्हणाले. दाराआड बाईंनी ट्रंकेतलं लुगडं काढून परत दांडीवर टाकलं, आणि विळीवर दुधीची चकती कापायला बसल्या.

हिशेब असा झाला: साहेबांना मासा मिळाला, माशाला भोपळा, खुशालरावांना चारचौघांत शाबासकी. किंमत अकोल्याच्या म्हातारीनं मोजली, आणि तिच्या लेकीनं.