चिंधीची जाडी

वडिलांची ठासणीची रायफल परवान्यासकट बर्थाकडे आली, तेव्हापासून तिचा नवरा आल्बर्ट त्या रायफलीवर रुसलेलाच होता. आज मात्र तो पहिल्यांदाच तिच्यासोबत नेमबाजीच्या मैदानावर आला.

बर्थाच्या गोळ्या फळ्यावर चहूकडे भरकटत होत्या. गोळीभोवती गुंडाळलेली चिंधी बार उडाल्यावर समोर पडली होती, ती आल्बर्टनं उचलली. चिंधी जळून फाटली होती. चाळीस वर्षं वटार गावात शिवणकाम केलेल्या बोटांनी त्यानं ती चाचपली.

"कापड पातळ आहे गं. गोळी नळीत सैल बसते."

त्यानं आपल्या जाड पिशवीचाच कोपरा कापून तेलात भिजवला. आता गोळी ठासताना बर्थाला जोर लावावा लागला. तीन बार झाले, तिन्ही भोकं शेजारी-शेजारी पडली.

"पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की येऊ," आल्बर्ट म्हणाला. बर्था हसली.