वाजव बघू

मी सायकलची घंटी बोलतेय. घंटी बोलते यात नवल ते काय? बोलणं हाच माझा धंदा. पण आजवर मला एकच शब्द येत होता, आणि तोही कोणी अंगठा दाबला तरच. आता बरेच दिवस झाले, मला घेऊन कोणी रस्त्यावर निघालेलं नाही. म्हणून म्हटलं, आपली हकीकत आपणच सांगून टाकावी. दोन घटका वेळ असेल तर ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा दाबून वाटी केली, पोटात दोन दातेरी चाकं आणि एक स्प्रिंग बसवली, वरून चकचकीत मुलामा दिला, झाले मी तयार. बहिणींबरोबर खोक्यात बसून एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात आले. दुकान तरी केवढं! दोन सायकली आत घेतल्या की मालकानं बाहेर उभं राहायचं. या मालकाला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची.

मिस्त्रीनं खोकं उघडलं आणि एकेक घंटी कानाशी धरून वाजवून पाहिली. मला दोनदा वाजवलं. मग बाजूला काढून ठेवत बायकोला म्हणाला, "ही विकायची नाही. ही आपल्या पोरीला."

पोरीचे पाय तेव्हा पेडलला पुरतही नव्हते. मिस्त्रीनं जुन्या सायकलींचे तुकडे जोडून तिच्यासाठी एक बुटकी सायकल केली आणि उजव्या मुठीशेजारी मला बसवलं. मग रोज संध्याकाळी ती पुढे आणि सीट धरून मिस्त्री मागे, अशी आमची वरात निघायची. पडायची तर किती! गुडघे कायम सोललेले.

"चाकाकडं बघू नको, पोरी," मिस्त्री मागून ओरडायचा. "चाकाकडं बघितलं की माणूस पडतो. लांब बघ. आणि भीती वाटली की घंटी वाजव."

"घंटीनं काय होतं, बाबा?"

"भीतीला कळतं कुणीतरी येतंय. होते बाजूला."

तिच्या इवल्याशा अंगठ्यात मला वाजवायचा जोर नव्हता. मग मिस्त्री ग्रीसनं काळा झालेला आपला अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "हं, वाजव बघू." दोघं मिळून दाबायचे आणि मी वाजायचे. पुढे तिला एकटीला जमायला लागलं. ती मला नेहमी दोनदा वाजवायची, लागोपाठ, अगदी ठसक्यात.

ती शाळेत असताना तिची आई ऑपरेशनला आत गेली आणि परत आली नाही. साधंच ऑपरेशन आहे, असं सगळे सांगत होते. त्यानंतर त्या घरात 'साधंच ऑपरेशन' हे शब्द कोणी तोंडातून काढले नाहीत.

बापलेक दोघंच उरले. पोर मोठी झाली, केस कापायला शिकली, तिनं स्वतःचं छोटंसं सलून थाटलं. सायकली बदलल्या, पण प्रत्येक नव्या सायकलीवर मिस्त्री मला स्वतः बसवून द्यायचा. सलूनला सुट्टी असेल त्या दिवशी ती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे केस कापायची. दारात माझा आवाज आला की आतली आजी उशीला टेकून बसायची आणि म्हणायची, "आली ग आली माझी कात्रीवाली!"

कात्रीचं आणि माझं एक सारखं आहे बरं का. कात्रीत बाकीची बोटं नुसती धरून असतात, चालतो तो अंगठा. माझंही तेच. आम्ही दोघी तिच्या उजव्या अंगठ्याच्या पोरी.

त्या सकाळी ती अशाच एका आजीकडे निघाली होती. रस्त्याच्या कडेला गाड्या ओळीनं उभ्या होत्या. एका गाडीत हालचाल दिसली तशी तिनं मला वाजवलं. मी जीव तोडून ओरडले हो! पण काचा बंद होत्या. आतल्या माणसानं फोनवर बोलता बोलता फाडकन दार उघडलं. दारावर आपटून ती उजव्या कोपरावर पडली. त्यानंतर मी तिचा जो आवाज ऐकला, तो मला पुन्हा ऐकायचा नाही.

वाकडीतिकडी झालेली सायकल कोणीतरी दुकानात आणून टाकली. अशा कितीतरी सायकली मिस्त्रीनं सरळ केल्या होत्या. हिच्याकडे मात्र तो नुसता बघत राहिला. मग पान्यानं मला तेवढं सोडवलं, सदऱ्याला पुसलं आणि खिशात टाकून तो हॉस्पिटलात आला.

तिच्या हाताला कोपरापासून प्लास्टर होतं, बोटं तेवढी बाहेर. डॉक्टर समजावून सांगत होते, "हाड मोडलंय, ते पट्टी आणि स्क्रू बसवून जोडू. त्याची काळजी नको. पण अंगठ्याकडे जाणारी जी नस आहे ना, ती दबलीय की तुटलीय हे उघडल्यावरच कळेल. दबली असेल तर मोकळी करू, अंगठा हळूहळू हलायला लागेल. तुटली असेल तर शिवू. पण मग मी शब्द देऊ शकत नाही."

"मी केस कापते, डॉक्टर," ती म्हणाली.

"माहीत आहे. अंगठा हलवा बघू."

अंगठा हलला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. हाक मारूनही न येणाऱ्या मुलाकडे आई बघते, तसं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. मधला दिवस काढायचा कसा? ती नुसती बोलत सुटली. बाबा, गॅस बंद केलात का, कुंड्यांना पाणी घाला, सलूनवर पाटी लावा. सगळं सांगून झालं की पुन्हा गॅसपासून सुरू. मिस्त्री उगाच उठून पाणी प्यायला जायचा आणि न पिताच परत यायचा.

"मला काही वाटत नाहीये हां, बाबा."

"मला तरी कुठं काय वाटतंय!"

एक नंबरचे खोटारडे दोघंही. मिस्त्रीनं मला खिशातून काढून तिच्या डाव्या हातात दिलं तेव्हा दोन्ही तळहात गार पडले होते. माझ्यापासून लपवणार कसं?

तिनं मला घट्ट धरलं आणि विचारलं, "बाबा, आईसारखं झालं तर?"

मला वाटलं, आता तो म्हणणार, छे, वेडी आहेस का. पण तो तसं म्हणाला नाही. "मलाही तीच भीती वाटतेय, पोरी," तो म्हणाला. ती रडली, तोही रडला. इतक्या वर्षांत आईचं नाव काढून दोघं एकत्र रडली नव्हती. रडून झाल्यावर तिनं बाबांच्या डोक्याकडे पाहिलं.

"काय हे केसांचं जंगल! खुर्ची ओढा इकडं. माझ्या पिशवीतली कात्री द्या."

"अगं, पण हात..."

"डावा आहे ना!"

उजव्या हाताची कात्री डाव्या हातात केस कापत नाही, चावते. तिनं एक बाजू केली तर कानावर पायऱ्या पायऱ्या झाल्या. त्या सारख्या करायला गेली तर मागे टक्कल दिसायला लागलं. शेजारच्या खाटेवरच्या मावशी पोट धरून हसायला लागल्या. सिस्टर रागवायला म्हणून आल्या आणि पदराआड लपवावं तसं हातातल्या कागदाआड तोंड लपवून हसल्या. मिस्त्रीनं छोट्या आरशात पाहिलं आणि म्हणाला, "वा! उंदरानं सुद्धा याहून बरे कुरतडले असते."

ती खो खो हसली. हसता हसता थांबली. "बाबा, कायम असंच राहिलं तर?"

"तर हे डोकं तुझंच आहे," मिस्त्री म्हणाला. "कर वाट्टेल तेवढा सराव."

सकाळी तिला हिरवा गाऊन घातला, कानातलं काढून घेतलं आणि ट्रॉलीवर घेतलं. मी डाव्या मुठीत होते. तिचा श्वास भरभर चालला होता आणि डोळे उजव्या अंगठ्यावर खिळले होते. त्या विचित्र कापलेल्या डोक्यानं मिस्त्री ट्रॉलीबरोबर चालत होता. तो वाकून म्हणाला, "चाकाकडं बघू नको."

तिनं मान वर केली. लांब, बोळाच्या टोकाच्या दाराकडे पाहिलं. श्वास जरा सावकाश झाला.

दाराशी सिस्टरनी हात पुढे केला. "ताई, हे आत नाही नेता येणार."

मिस्त्रीनं मला घेतलं. "बाहेर आलीस की या अंगठ्यानं वाजवायची," तिच्या उजव्या हाताकडे बोट करून तो म्हणाला. "ते ऐकल्याशिवाय मी काही मरत नसतो. जा."

दार लागलं. तो क्षणभर उभा राहिला आणि त्यानं मला खणखणीत वाजवलं. सिस्टर तरातरा बाहेर आल्या. "आजोबा! हॉस्पिटल आहे हे!"

"तिला भीती वाटत असेल, म्हणून," तो म्हणाला.

सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग दार हातभर उघडं धरलं. "एकदाच. लवकर."

मी वाजले. इतकी मनापासून मी कधीच वाजले नव्हते.

ती परत आली. आईसारखं झालं नाही. मिस्त्रीनं भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले, तेवढं सुख त्याला मिळालं. पण नस तुटलेली निघाली होती. डॉक्टरांनी ती शिवली आणि वाट पाहा म्हणाले.

आम्ही वाट पाहिली. रोज सकाळी चहा झाला की मिस्त्री मला टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "वाजव बघू." ती उजवा अंगठा डाव्या हातानं उचलून माझ्यावर ठेवायची. तो तिथे नुसता पडून राहायचा. मी माझी स्प्रिंग सैल सोडायला तयार होते हो, पण ते काही माझ्या हातात नाही. "उद्या," मिस्त्री म्हणायचा आणि कप धुवायला उठायचा.

तिनं डाव्या हाताची कात्री मागवली. आठवडा गेला की मिस्त्री खुर्चीत हजर. कधी कानाला कात्री लागायची, कधी तो सशासारखा दिसायचा. बाजारात लोक हसले की हा छाती काढून सांगायचा, "माझ्या लेकीनं कापलेत." हळूहळू पायऱ्या गेल्या. हळूहळू लोकांचं हसणंही थांबलं. अंगठा मात्र जसाच्या तसा. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की आता फारशी आशा धरू नका. तिनं ते बाबांना सांगितलं नाही.

थंडी सुरू झाली आणि मिस्त्रीला दम लागायला लागला. आधी दुकान सुटलं, मग खुर्ची, मग तो अंथरुणावरच राहिला. तरी सकाळ झाली की पुटपुटायचा, "वाजव बघू."

एका सकाळी ती मला घेऊन स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं. डावा अंगठा माझ्यावर ठेवला आणि दाबला. मी वाजले. ती धावत बाहेर आली. "बाबा, वाजली! अंगठा हलला, बाबा!"

मिस्त्री डोळे मिटून पडला होता. "ऐकलं," तो म्हणाला. "आता निर्धास्त झालो."

खोकंभर घंट्यांतून कानानं मला निवडणारा माणूस तो. त्याची पोर मला दोनदा ठसक्यात वाजवते, हे त्याला ठाऊक नव्हतं? मी वाजले होते एकदाच, भीत भीत. थोड्या वेळानं त्यानं हात पुढे केला आणि तिचा हात हातात घेतला. उजवा नाही, डावा. तिच्या अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवत म्हणाला, "गुणी आहे हा. याला नावं ठेवू नकोस."

तो गेला तेव्हा त्याचे केस अगदी सारखे कापलेले होते.

आता मी सलूनमध्ये आरशाखालच्या फळीवर असते. ती डाव्या हातानं छान कापते. लांबून लोक येतात. पण ती सायकलवर बसत नाही. आजीकडे चालत जाते, रस्ता ओलांडताना उभ्या गाड्यांकडे बघून थबकते. मिस्त्रीच्या दुकानात ती सायकल अजून तशीच वाकडी पडून आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की ती उजवा अंगठा माझ्यावर ठेवते आणि त्याच्यावर डावा ठेवते, बाबा ठेवायचे तसा. मग दाबते. खालच्याला काही कळत नाही म्हणते. मला मात्र दोन्ही कळतात.

पोरी, मला फळीवर ठेवू नकोस. घंटीला रस्ता लागतो ग. ती सायकल सरळ करून घे आणि या खेपेला मला डाव्या मुठीशेजारी बसव. पाना कुठे आहे ते तुला माहीत आहे. भीती वाटेल, मलाही वाटेल. चाकाकडं बघू नको. लांब बघ.

हं, वाजव बघू.