पालथ्या हाळाचं गाऱ्हाणं

थांबा जरा. नारळ फोडू नका. मी देव नाही, मी हाळ बोलतोय.

हाळ म्हणजे जनावरांना पाणी पाजायची दगडी कुंडी. किकवी गाव मागं टाकून डोंगराकडं चढू लागलं, की माळावर एक जुनी पायऱ्यांची विहीर लागते. तिला सगळे बारव म्हणतात. त्या बारवेच्या काठचा मी हाळ. सध्या मी पालथा पडलोय. अंगावर बोटभर शेंदूर आहे, त्यावर तेल, त्यावर माशा. बोलायला जरा त्रास होतो, म्हणून सावकाश सांगतो. तशीही मला घाई कधी जमली नाही.

मी जन्मलो समोरच्या डोंगराच्या कुशीत. पाथरवटानं काळा धोंडा फोडून काढला आणि उन्हाळाभर माझ्या पोटात छिन्नी चालवली. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण त्यानं काठ फार बेतानं ठेवला. गाईला मान घालता यावी एवढा उंच, शेळीला पुढचे पाय टेकता यावेत एवढा ठेंगणा. चार बैलांच्या गाड्यावर घालून मला इथं आणलं. बारव कुणी बांधली ते मला ठाऊक नाही. बांधणाऱ्यानं आपलं नाव कुठंच कोरलं नाही, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही.

इथली एक रीत होती. बाया पोहऱ्यानं पाणी शेंदायच्या, आपापल्या घागरी भरायच्या, आणि डोक्यावर चुंबळ ठेवण्याआधी शेवटचा पोहरा माझ्यात ओतायच्या. सासूनं ओतला म्हणून सून ओतायची. लेकुरवाळी असो की घाईची असो, तो पोहरा चुकायचा नाही. एखादी विसरलीच तर मागची ओरडायची, "अगं ए, मुकं जनावर काय तुझ्या दारात मागाय येनार हाय व्हय?" ती जीभ चावून परत फिरायची. मी कायम भरलेला असायचो. गावची बैलं, वाटसरूची घोडी, कुत्री, साळुंक्या, सगळ्यांची तोंडं मला माहीत. बैल पाणी पिताना डोळे मिटतो, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

पण माझी खरी माणसं म्हणजे धनगर. वेल्ह्याकडच्या डोंगरावर त्यांचे वाडे. पाऊस सरला की ती मेंढरं घेऊन पूर्वेच्या मुलखात उतरायची आणि वैशाखात परत वर चढायची. येताना वाटेतले ओढे आटलेले असायचे. माळावर पाणी म्हणजे ही बारव आणि मी. त्यांच्यातल्या कोंडाबाईला मी ती परकरात होती तेव्हापासून ओळखतो. पुढं तिचं सावळाशी लग्न झालं, केस पिकले, पण आली की पहिल्यांदा माझ्या काठावर थाप मारायची. "काय म्हातारबा, हायेस न्हवं?" मग मूठभर राख आणि काथ्या घेऊन माझ्या पोटातलं शेवाळ घासून काढायची. मेंढरं ओरडत असायची, आणि ही त्यांनाच दटावायची, "थांबा की रं भाड्यांनो, ताट तरी घासू द्या."

दिवस गेले. बारवेच्या भिंतीत पिंपळ रुजला. एक बाजू पोट सुटल्यासारखी पुढं आली. गाळ साचून पाणी हातभर उरलं. गावात नव्या विहिरी झाल्या, तसं गाव तिकडं वळलं.

आणि मग भोरहून मंडळ आलं. प्राचीन वास्तू जीर्णोद्धार मंडळ. त्याचे अध्यक्ष कुंडलिकराव. पेन्शनीत निघालेले, काळा कोट, जरीकाठी रुमाल, गालात सदा पान. त्यांनी बारवेभोवती एक फेरी मारली आणि त्यांचे डोळे भरून आले. मी स्वतः पाहिलं. म्हणाले, "पाटील, अहो हे वैभव आहे, वैभव! आणि तुम्ही लोकांनी त्याचा उकिरडा केलात."

रखमाजी पाटलांनी पागोटं सावरलं. "व्हय जी. आमाला काय कळतंय."

खोटं कशाला बोलू? मंडळानं काम केलं. गाळ काढला. पिंपळ मुळासकट उपटला. पोट सुटलेली भिंत उतरवून तोच दगड पुन्हा बसवला. तळाचे झरे मोकळे झाले आणि पाणी असं वर आलं, की पायऱ्या मोजाव्यात म्हटलं तर निम्म्या बुडालेल्या. मला वाटलं, आता आपले दिवस आले. यंदा कोंडाबाई आली की बघेल.

तिथंच माझं चुकलं.

आधी रंग आला. दगडी कोनाड्यांना पिवळा बिलायती रंग, कमळांना गुलाबी. त्याच्या वासानं साळुंक्या पळाल्या. रंगाचे कुंचले माझ्यात धुतले. मी म्हटलं, असू दे, कामाची माणसं आहेत. मग कुंडलिकराव देखरेखीला आले. माझ्या काठावर हात टेकून त्यांनी कामगारांना प्राचीन काळाविषयी पुष्कळ सांगितलं. बोलता बोलता तोंड भरून आलं, तेव्हा इकडंतिकडं पाहिलं आणि पिंक माझ्यात टाकली.

माझ्यात मेंढरांची लाळ पडली आहे, शेण पडलंय, मेलेला बेडूक पडलाय. मला कधी काही वाटलं नाही. तहानलेल्याच्या तोंडची लाळ ती. पण ही पिंक पडली आणि मला शिसारी आली. पुढं ती वाळून गेली, तरी आठवली की अजून येते.

रुमालानं ओठ पुसून ते म्हणाले, "हे डबकं कशाला इथं? जनावरं येणार, चिखल करणार. एवढा खर्च करून पुन्हा तेच? बारवेला कठडा घाला, फाटक बसवा, कुलूप लावा. आणि हे उचला."

"उचलून कुठं ठिवायचं?" पाटलांनी विचारलं.

"पालथं घाला फाटकापाशी. उद्‌घाटनाला उभं राहायला होईल."

पहारी लावून मला उपटलं आणि फाटकाबाहेर पालथं घातलं. ज्या पोटात पाणी असायचं त्यात काळोख भरला. उद्‌घाटनाच्या दिवशी कुंडलिकराव वहाणांसकट माझ्या पाठीवर चढून बोलले. भूतदया, पूर्वज, संस्कृती. भूतदया म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. मग सगळ्या मंडळानं माझ्यावर बसून फोटो काढला. भिंतीत संगमरवरी पाटी बसली, तीवर सगळ्यांची नावं, आणि ज्यानं त्यानं आपलं नाव बोटानं चाचपून पाहिलं.

नारळ फोडायला जागा हवी होती, तर सोनबा गुरवानं तो माझ्यावरच फोडला. हळदकुंकू वाहिलं, उरलेला शेंदूर हातावर होता तो मला पुसला. एवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या एकीनं शेंदूर पाहिला आणि हात जोडले. तिला पाहून तिच्या मागचीनं जोडले. पाथरवटाच्या छिन्नीच्या खुणांत कुणाला डोळे दिसले. गावातल्या फुलाबाईनं नातीच्या तापासाठी अंगारा नेला. ताप उतरायचाच होता, उतरला. कुणी चेष्टेनं म्हणालं, "पालथोबा पावला." पुढच्या अमावास्येला तेच नाव घेऊन लोक नैवेद्य घेऊन आले. सोनबानं दक्षिणेला टोपली ठेवली. फाटकाची किल्लीही त्याच्याकडंच असायची.

मला किळस आली ती याची, की हे सगळे मला ओळखत होते. याच लोकांची बैलं माझ्यातून पाणी प्यायली होती. आणि आता तेच डोळे मिटून माझ्या ढुंगणाला गंध लावत होते.

वैशाख आला. एक दिवस ऊन उतरणीला लागलेलं, आणि लांबून मेंढरांचा आवाज ऐकू आला. ओरडायचीही ताकद नसल्यासारखा, घोगरा. पुढं कोंडाबाई, मागं सावळा लंगडत. त्याच्या खांद्यावर एक गाभण मेंढी, मान टाकलेली. फाटकाशी येऊन कोंडाबाई उभी राहिली. आत पाणी चमकत होतं. बाहेर कुलूप.

"सोनबा, उघड रं बाबा. ह्या माळावर दुसरं पानी न्हाई, आन् गावच्या हिरीवर मेंढरं येऊ देत न्हाईत. मेंढरं पडाय लागली."

"जनावरांस्नी मनाई हाय, बाई. मंडळाचा हुकूम हाय."

"आमी शेंदून हाळात वततो की. आत कशाला नेतोय?" ती वळली. "आन् हाळ कुठं गेला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. खाली बसली, शेंदरातून बोट फिरवत माझ्या काठापाशी आली आणि एकदम मागं सरली. "अगं बया! ह्यो तर आमचा म्हातारबा! ह्याला पालथा कुनी घातला?"

"हळू बोल. देव हाय त्यो."

"कवापास्नं?"

सावळानं मेंढी खाली ठेवली आणि काठी माझ्या काठाखाली घातली. "देव असू दे न्हाईतर बिव असू दे. कोंडे, लाव हात. उलथूया."

सोनबा ओरडला. गावातली चार माणसं धावली. रखमाजी पाटील आले, फुलाबाई आली. "ए सावळा! देवाला हात लावशील तर हात झडंल. माज्या नातीला पावलाय त्यो."

"पाटील," सावळा म्हणाला, "तुमची खिलारी जोडी ह्यातच पानी प्याली. तुमी सोता शीळ घालत हुबं ऱ्हायचा."

पाटलांनी नजर चुकवली. "तवाचं तवा. आता हाय ते हाय. मंडळाला काय सांगू मी? फुडं व्हा तुमी. वर डोंगरात लागंल पानी."

"वर जाईस्तवर निम्मी मरतील," कोंडाबाई म्हणाली. तेवढ्यात खाली ठेवलेल्या मेंढीनं पाय झाडले. कोंडाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पदर सारखा केला आणि माझ्यापुढं माथा टेकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तूसुद्धा, बाई?

उठून ती म्हणाली, "पाटील, देवाला पानी घालायचंय मला. नवस हाय."

"कसला नवस?"

"मेंढरं जगूंद्यात म्हनून. वैशाखाचं ऊन हाय, देव तापलाय. तुमीच हात लावून बघा."

देवाला पाणी घालू नको, असं कोण म्हणणार? पाटलांनी सोनबाकडं पाहिलं, सोनबानं फुलाबाईकडं. फुलाबाई म्हणाली, "घालू दे की. पुन्याचं काम हाय."

"किती घागरी?" सोनबानं कुलूप काढत विचारलं.

"देव निवंस्तवर."

"त्यो निवला का न्हाई, कसं कळायचं?"

"पाठीवर हात ठिवून बघीन मी."

तिनं शेंदायला सुरुवात केली. घागरीमागून घागर माझ्या पाठीवर. दिवसभर तापलेला मी, पाणी पडलं की चुर्र वाजायचं. शेंदूर सुटला, तेल, कुंकू, सडकी फुलं, नारळाची नासकी कवटी, सगळं घेऊन पाणी खाली वाहिलं. सावळानं काठीनं माझ्याभोवती मातीचा बांध ओढला होता. मेंढरं तुटून पडली. लालभडक चिखल होता तो. मी इतकी वर्षं त्यांना निवळशंख पाणी पाजलं, आणि आता माझ्याच अंगाची घाण ती माझ्या पायाशी चाटत होती. मला पालथ्यापालथ्या त्यांच्या घोटांचा आवाज ऐकू येत होता. गाभण मेंढीला सावळानं ओंजळीनं पाजलं. तिनं मान उचलली.

"निवला का?" सोनबानं विचारलं.

कोंडाबाईनं तळवा ठेवला. "न्हाई बाबा. लई तापलाय."

तिला पाहून गावातल्या बायाही पुण्य म्हणून पोहरे घेऊन सरसावल्या. त्याच, ज्या शेवटचा पोहरा विसरल्या होत्या. शेवटचं कोकरू पिऊन बाजूला झालं तेव्हा कुठं देव निवला. जाताना कोंडाबाई माझ्या पाठीवर वाकली आणि मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाली, "म्हातारबा, माफ कर. तुला देव म्हनावं लागलं."

तुला काय माफ करू, पोरी? ती सगळी मेंढरं घेऊन गेली. एकही मागं राहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सोनबानं मला पुन्हा बोटभर शेंदूर चोपडला. ही गोष्ट भोरला पोचली, पण कशी? माळावरच्या पुरातन पालथोबाला धनगरही पाणी घालतात, अशी. कुंडलिकराव मोटारीनं आले. पुन्हा डोळे भरून आले. म्हणाले, या स्थानाचं संरक्षण झालं पाहिजे. मला चौथऱ्यावर सिमीटात पक्कं बसवायचं, वर छत्री, भोवती लोखंडी गज. जनावरं जवळ येऊन देव चाटतात, ते बंद.

आज चौथरा झाला. सकाळी कामगारांनी मला त्यावर सरकवलं आणि कडेनं सिमीट लावलं. ते अजून ओलं आहे. गज उद्या येणार आहेत. गज लागले, की पुढच्या वैशाखात कोंडाबाई माझ्या पाठीपर्यंत पोचायची नाही, आणि देव निवला की नाही ते सोनबाच सांगणार.

म्हणून तुम्हाला थांबवलं. तुम्ही वाटसरू आहात, या गावचे नाही, तुम्हाला कुणी काही विचारायचं नाही. कामगार जेवायला गेलेत. त्यांची पहार तिथं बाभळीला टेकवून ठेवली आहे. माझ्या डाव्या अंगाखाली घाला आणि रेटा द्या. मला परत बारवेच्या काठाला न्या असं म्हणत नाही, तेवढं एकट्याचं काम नाही. नुसतं उताणं करा. पाणी कुणी ओतो न ओतो, पाऊस तरी माझ्यात पडेल.

आणि उलटताना बोटं जपा हो. आत अंधार होता इतके दिवस, विंचू असेल.